न चढणारा काटा

आमच्या आप्पांचं इंजिनाबद्दल एकच ठाम मत होतं, की ते जितकं गार राहील तितकं जास्त जगेल. हे मत त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नव्हतं, भिसे खिंडीतून घेतलेलं होतं. मी तीनेक वर्षांची असतानाची गोष्ट. रोह्याहून नागोठण्याला नवरीला घेऊन निघालेली गाडी ऐन मे महिन्यात खिंडीच्या चढावर उकळली. नवरी शालू नेसून रस्त्याकडेच्या दगडावर दोन तास बसली आणि मुहूर्त टळून गेला. ती गाडी आदल्याच आठवड्यात आप्पांच्या हाताखालून गेलेली. ओढत आणून उघडली, तर थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बंदच्या बंद अडकलेला. हा व्हॉल्व्ह म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं एक छोटं दार. इंजिन गार असेपर्यंत ते मिटलेलं राहतं, इंजिन पुरेसं तापलं की आपोआप उघडतं आणि मग पाणी रेडिएटरमध्ये गार व्हायला जातं. त्या दिवशी ते उघडलंच नाही. गाडीवाल्यानं चारचौघांत आप्पांचा जो उद्धार केला तो त्यांना इतका लागला, की पुढे गॅरेजात आलेल्या एकाही गाडीत त्यांनी तो व्हॉल्व्ह शिल्लक ठेवला नाही. दारच काढून टाकलं म्हणजे अडकायची भीती नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कोणी विचारलंच तर म्हणायचे, थंड मुलखातल्या लोकांनी आपल्या सोयीसाठी केलेली वस्तू आहे, रोह्यात तिचं काय काम? ड्रायव्हर मंडळींना हे फार पटायचं. उन्हाळा तोंडावर आला की रांग लागायची आणि काढलेले व्हॉल्व्ह बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात पडत जायचे.

गॅरेज पुढे आणि घर मागे, मध्ये एक हिरवी ताडपत्री, अशी आमची व्यवस्था होती. सकाळी डोळे उघडायच्या आत कान उघडायचे. आधी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग आप्पांचं खाकरणं, मग लोखंडी शटर वर जाताना व्हायचा तो खडखडाट. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोबत भाजलेला सुका बोंबील असला की आप्पा जेवताना बोलायचे नाहीत आणि तेच आईला शाबासकीसारखं वाटायचं. बिरड्याचे वाल सोलताना आमची बोटं बुळबुळीत व्हायची आणि गॅरेजच्या ग्रीसनं काळी झालेली माझी नखं बघून आई मला सोलायला बसूच द्यायची नाही. आई पेणजवळच्या हमरापूरची. माहेरी सगळे गणपती रंगवणारे, आणि ती डोळ्यांच्या रेखणीत तरबेज. लग्नानंतरही दरवर्षी दोन महिने ती माहेरी जाऊन डोळे रेखून यायची. तिचा हात कापत नसे आणि नजर एकदा एखाद्या ठिपक्यावर बसली की हलत नसे. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्या नजरेचा मला फार उपयोग झाला.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी शहाणी, ती शाळेच्या पुस्तकात रमली. मी मात्र ताडपत्रीच्या मागे. आठव्या वर्षी प्लग घासायला बसले, बाराव्या वर्षी ब्रेक शू बदलायला लागले आणि बारावी झाले तोवर डिझेलचा पंप उतरवून चढवू लागले. पण हे सगळं ताडपत्रीच्या मागे. गिऱ्हाईक पुढे उभं असलं की पाना आप्पांच्या हातात. मी केलेलं काम आप्पा स्वतः गाडीत बसवत आणि गिऱ्हाइकाला वाटे त्यांनीच केलं. आप्पा वाईट नव्हते. पोरीनं गाडी खोलली म्हटल्यावर लोक गाडी दुसरीकडे नेतील, ही त्यांची भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. आत्या तर दर खेपेला माझे हात उलटेसुलटे करून बघायची आणि विचारायची, ह्या हातांना मेंदी तरी दिसेल का गो? मी हसून सोडून द्यायचे, पण आतून धुमसायचे. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. आमचे हे म्हणतात, तुझं इंजिन लवकर तापतं. म्हणोत बापडे.

मी बारावी झाले त्या वर्षीच्या थंडीत खलीलचाचांची पांढरी डिझेल गाडी आमच्याकडे आली. खलीलचाचा शेजारच्या अष्टमी गावचे. वीस वर्षं कुवैतला एका शेखाची गाडी चालवून परत आलेले आणि जवळचं होतं नव्हतं ते त्या एका गाडीत घातलेलं. ती त्यांनी डोलवीच्या कंपनीतल्या साहेबांना रोज पोचवायला लावली होती. पहाटे रोह्याहून निघायचं, निडीवरून नागोठणं, तिथून हायवेनं डोलवी. घर त्या गाडीवर चालत होतं, दोन मुली शिकत होत्या. आता गाडी पहाटे सुरू होताना पांढरा धूर ओकत होती, जरा थांबली की बंद पडत होती, डिझेल तर नुसतं पीत होती. मागच्या सीटवरच्या साहेबांच्या कपड्यांना वास येऊ लागला. साहेबांनी महिन्याअखेरपर्यंत मुदत दिली, गाडी नीट करा, नाहीतर दुसरी गाडी लावतो. खलीलचाचा आमच्या बाकड्यावर बसले आणि टोपी काढून हातात फिरवत राहिले. "आप्पा, बिमारी काय हाय ती तुमीच सांगा. माझा तुमच्यावर भरोसा हाय."

आप्पांनी काय केलं नाही? नोझल साफ केले, पंप पनवेलला पाठवून जुळवून आणला, फिल्टर बदलले, टायमिंग पुन्हा लावलं. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटी आप्पांनी निकाल दिला, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल. इंजिन खोलायचं म्हणजे गाडी निदान तीन आठवडे उभी राहणार आणि महिनाअखेर तर दहा दिवसांवर आलेली. खलीलचाचांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा मला बघवेना. ते गेल्यावर आप्पाही बराच वेळ गाडीपाशी उभे होते. त्यांना स्वतःचाच निकाल पटलेला नव्हता, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. रिंगा गेलेल्या गाडीचा धूर निळसर असतो हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि हा धूर पांढरा होता.

दुसऱ्या दिवशी खलीलचाचा डोलवीहून परतताना गाडी सोडायला आले. आप्पा कुणाच्या तरी बंद पडलेल्या टेम्पोसाठी कोलाडला गेलेले. मी बॉनेट उघडलं आणि सवयीनं रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. चाळीस किलोमीटर पळून आलेल्या गाडीचा तो पाइप हात ठेवू देत नाही, चटका बसतो. हा कोमट होता, अंगावर घ्यायच्या पाण्याइतका. मी आत वाकून तापमानाचा काटा पाहिला, तो अगदी तळाशी पडलेला. मी विचारलं, चाचा, हा काटा कधी वर येतो का? तर म्हणाले, तुझ्या बापानं ती चकती काढली तवापासून नाय आला. चकती म्हणजे तोच व्हॉल्व्ह. त्यात त्यांची काही तक्रार नव्हती, उलट गाडी गार राहते म्हणून ते खूशच होते. मग बाकड्यावर टेकत सहज बोलून गेले, "आमच्या शेखाच्या गाडीतली ती चकती दर साली बदलायचे. मी बोललो, एवढ्या गरमीत कशाला पायजे? तर तो मेकॅनिक माझ्यावर हसला."

मी तिथंच उभी राहिले. कुवैतच्या उन्हात ज्या वस्तूला काम आहे, तिला रोह्याच्या डिसेंबरात काम नाही हे कसं? डिझेल पेटतं ते उष्णतेवर. इंजिन धड तापतच नसेल तर डिझेल अर्धवट जळणार आणि न जळलेलं पांढरा धूर होऊन बाहेर पडणार. उन्हाळ्यात चालून गेलं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पावसाळा निभावला. थंडीत, पहाटेच्या फेरीत, सगळं उघडं पडलं. म्हणजे गाडीला आजार नव्हताच, आम्हीच तो लावला होता. आणि हे आप्पांना सांगायचं होतं.

रात्रीच्या जेवणाला मी सांगितलं. शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं. आप्पांचा घास हातातच राहिला. भाकरीचा तुकडा ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "म्हंजे माझ्यामुळं?" मी होय म्हणाले. त्यांनी एवढंच म्हटलं, की पंधरा वर्षांत शेकडो गाड्या गेल्या, एकही उकळली नाही, आणि तू मला आता इंजिन शिकवतेस? मग पाणी न पिताच ते उठले. आई माझ्याकडे बघत होती आणि मी ताटाकडे. घरात भांडण झालं तर आमच्याकडे आवाज चढत नाही, नुसतं शटर जोरात पडतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तसंच पडलं आणि आप्पा रिंगा आणायला पनवेलला निघून गेले.

आता मागे वळून पाहताना वाटतं, मी तेव्हा गप्प बसले असते तर फारसं काही बिघडलं नसतं. खलीलचाचांचं काम गेलं असतं, दुसरं काही मिळालं असतं. आमचं गॅरेज चाललंच असतं. पण मी ताडपत्रीच्या मागेच राहिले असते, हे नक्की. आज पेणमध्ये माझं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली चारजण आहेत आणि आलेल्या गाडीला वायर जोडली की पडद्यावर रोगाचं नाव उमटतं. तरीही मी आधी पाइपवर हात ठेवते. पोरं हसतात. हसू देत.

त्या सकाळी आप्पा पनवेलला निघताच मी खलीलचाचांना बोलावणं धाडलं आणि आईला गाठलं. म्हटलं, मला एक तास खलीलचाचांच्या गाडीतून फिरायचंय आणि एकटीनं जाऊन चालणार नाही. आईनं चुलीवरचं उतरवलं, लुगड्याचा पदर खोचला आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली, म्हणाली, चला, हमरापूरला भावाला तरी भेटून येऊ. मी पुठ्ठ्याचं एक खोकं फाडून रेडिएटरच्या पुढे अर्धा भाग झाकेल असं सुतळीनं बांधलं होतं. व्हॉल्व्ह नाही तर नाही, निदान वारा तरी अडवावा. आईला मी एकच काम दिलं, त्या काट्यावरची नजर काढायची नाही. खलीलचाचांना हा सगळा पोरखेळ वाटत होता, पण बुडत्या कामापुढे त्यांची ना म्हणायची तयारी नव्हती.

निडीपर्यंत काही झालं नाही. मागच्या काचेतून धूर दिसतच होता. खिंडीचा चढ लागला तशी आई म्हणाली, "हललाय." मी पुढे वाकले. मला तर काही दिसेना. आई म्हणाली, मोहरीएवढा हललाय, बघ. मूर्तीच्या बुबुळाचा ठिपका जागेवर आहे की नाही हे ओळखणारी बाई ती, तिला दिसणारच. नागोठणं येईतो मलाही दिसला. वडखळला काटा पाव हिश्श्यावर होता आणि मागचा धूर विरळ झाला होता. पेणच्या अलीकडे धूर दिसेचना. खलीलचाचांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून मागे गेले, सायलेन्सरशी वाकले आणि परत येऊन आईला म्हणाले, "वहिनी, ही पोर कुनाची हाय?" आई म्हणाली, माझी. मामाकडे चहा प्यायला आम्ही अर्धा तास थांबलो, पण मला चहाची चव आठवत नाही.

पण पुठ्ठा म्हणजे काही दुरुस्ती नव्हे. घरी आल्यावर मी तो बिस्किटांचा डबा काढला आणि त्यातून त्या गाडीला बसतील असे व्हॉल्व्ह वेगळे केले, ते सतरा निघाले. आईनं चहाचं मोठं पातेलं पाण्यानं भरून स्टोव्हवर ठेवलं. एकेक व्हॉल्व्ह दोऱ्याला बांधून मी पाण्यात सोडायचे आणि आई टक लावून बघायची. पाणी तापत येतं, तळातून बुडबुडे सुटू लागतात, आणि उकळी फुटायच्या थोडं आधी ती पितळी चकती हळूच वर उचलली जाते. बाहेर काढून गार केली की पुन्हा मिटते. पहिली उघडली तेव्हा आम्ही दोघी अशा हसलो की शेजारची काकू डोकावून गेली. चहाच्या पातेल्यात हे काय शिजवताय, असं विचारून ती गेली, आणि तिला आम्ही काय सांगणार?

दिवेलागणीला आप्पा आले. काखेत रिंगांचं खोकं. त्यांनी स्टोव्ह पाहिला, दोरा पाहिला, ओट्यावर मांडलेली रांग पाहिली. मला वाटलं, आता पातेलं उलटं होतं. पण ते चपला काढून पाटावर बसले आणि म्हणाले, चालू ठेव. मी पुढचा सोडला. तो उघडला. त्याच्या पुढचा उघडला. आप्पांनी स्वतः दोरा हातात घेतला. पाण्याच्या वाफेनं त्यांचा चष्मा धुरकट व्हायचा, ते पुसायचे आणि पुन्हा बघायचे. सतरापैकी पंधरा उघडले. दोन काही केल्या हलले नाहीत. त्या दोनांतला एक हातात घेऊन त्यांनी बराच वेळ उलटसुलट केला. त्याच्या कडेवर पक्कडीचा ओरखडा होता, आणि तो ओरखडा त्यांच्या ओळखीचा होता. खिंडीतल्या गाडीचा, एवढं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. मग उरलेल्या पंधरांकडे बघून म्हणाले, "मंग ह्यांनी काय गुन्हा केला होता?"

रिंगांचं खोकं आप्पांनी न उघडताच कोनाड्यात ठेवलं. आईनं तेच पातेलं घासून चहा टाकला आणि आप्पांनी तो प्यायला. माफी वगैरे शब्द आमच्या घरात नव्हते, आणि मला ते हवेही नव्हते. पण सकाळी एक गोष्ट झाली. खलीलचाचा आले, आप्पांनी गाडी गॅरेजच्या पुढच्या भागात, अगदी रस्त्याला लागून घ्यायला लावली, पान्यांचा डबा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. बाकड्यावर चार गिऱ्हाइकं बसली होती. मी ताडपत्रीकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, इथंच कर, उजेड चांगला हाय. तीन नट काढायला मला दोन मिनिटं लागली. जुनं पॅकिंग खरवडलं, नवं कापून बसवलं, व्हॉल्व्ह ठेवला, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. बाकड्यावरचे चौघे उठून काट्याभोवती जमले. तो पावावर आला, मध्यावर आला आणि तिथं ठाण मांडून बसला. महिनाअखेर उलटली तरी खलीलचाचांची गाडी डोलवीला जात राहिली, आणि पुढे त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नात आमच्या घरी पहिलं बोलावणं आलं.

इथं कोणीही थांबलं असतं. गाडी नीट झाली, गिऱ्हाईक खूश, आता गप्प बसावं. पंधरा वर्षं केलेली चूक कोणाला कळलीही नव्हती. पण आप्पा त्याच आठवड्यात एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघाले, मला स्कूटरच्या मागे बसवलं आणि थेट स्टँडवर नेलं, जिथं रोह्यातल्या सगळ्या भाड्याच्या गाड्या उभ्या असतात. आप्पा कधी गिऱ्हाइकाच्या दारी गेले नव्हते, गिऱ्हाइकानं त्यांच्याकडे यायचं असा त्यांचा रिवाज. ते एकेका ड्रायव्हरकडे गेले आणि तेच तेच सांगत राहिले, की तुमच्या गाडीतला व्हॉल्व्ह मी काढला ती चूक होती, गाडी घेऊन या, फुकट बसवून देतो. मला लाजेनं मान वर करवेना आणि अभिमानानं खालीही घालवेना. माझा बाप ज्या आवाजात पंधरा वर्षं व्हॉल्व्ह काढा म्हणत होता, त्याच आवाजात आज घाला म्हणत होता, आणि तो आवाज जराही खाली आला नव्हता. एवढा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही फारसे पाहिले नाहीत.

बाळू म्हणून एक ड्रायव्हर होता, तोंडाचा फटकळ. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग इतकी वर्सं आमचं डिझेल फुकट गेलं म्हना की." आप्पा म्हणाले, "व्हय, गेलं." बाळूला असं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यानं आजूबाजूला बघून घेतलं, मग माझ्याकडे बोट केलं. "आन् आता ह्या पोरीच्या सांगन्यावरनं आमी गाडी खोलायची?"

आप्पांनी सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या.

"पोरीच्या नाय," ते म्हणाले. "मिस्त्रीच्या."

बाळूनं गाडीत हात घालून बॉनेटची कळ ओढली आणि बाजूला होऊन मला वाट दिली.